वेव्ह की एआयएफएफ? आधी गोंधळ्याचं नाव बोला

ऑडिओ फॉरमॅटचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. मॅकवाले एआयएफएफचे, विंडोजवाले वेव्हचे. आणि कोणीतरी हमखास सांगतोच की एआयएफएफचा आवाज जास्त गोड असतो. मंडळी, तसं काही नसतं. एआयएफएफ अ‍ॅपलनं १९८८ मध्ये आणलं, वेव्ह मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनं १९९१ मध्ये. दोन्हींच्या पोटात तेच आकडे. फक्त बाइट्सचा क्रम उलटा, कारण तेव्हाच्या मॅकमध्ये मोटोरोलाचा प्रोसेसर होता आणि पीसीत इंटेलचा. फाइल यातून त्यात नेली तरी आवाजातला एक बिटही हरवत नाही.

मग ठरवायचं कशावरून? माझं मत : काय रेकॉर्ड करायचंय त्यावरून.

समजा, करमाळ्याला घरी लग्न झालंय आणि रात्री गोंधळ आहे. संबळ दणदणीत, तुणतुणं बारीक. इथे खरा प्रश्न १६ बिट की २४ बिट हा आहे. एका बिटाला साधारण ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटांत ९६. करमाळ्याच्या कमलाभवानीच्या विहिरीला पायऱ्या आहेत तेवढेच! २४ बिटांत हिशोबानं १४४. त्यामुळे लेव्हल खाली ठेवता येते. संबळ कडाडला तरी आवाज फाटत नाही आणि तुणतुणंही खरखरीत बुडत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. वेव्ह फाइल आपली लांबी ३२ बिटांत लिहिते, त्यामुळे ४ जीबीला, म्हणजे चार तासांच्या थोडं पुढे, गाडी अडते. गोंधळ तर पहाटेपर्यंत चालणार. रेकॉर्डर आपणहून पुढची फाइल सुरू करतो का, किंवा आरएफ६४ मध्ये लिहितो का, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा. आरती चालू असताना मॅन्युअल वाचता येत नाही.

माझा कौल ब्रॉडकास्ट वेव्हला. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं १९९७ मध्ये आणलेला हा साधा वेव्हच, वर माहितीची चिठ्ठी चिकटवलेली. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना 'आयासा' हाच सुचवते. पण गंमत अशी, की त्या चिठ्ठीत वर्णनाला जागा २५६ अक्षरांची, तीही आस्कीत. देवनागरीला तिथे प्रवेश नाही!

आणि नावाशिवाय रेकॉर्डिंग म्हणजे बेवारस आवाज. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्या आज उपयोगी पडतात, कारण ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदलेलं आहे.

म्हणून उपाय साधा. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात मराठीत बोला : तारीख, गाव, कोणाचं घर, गोंधळी कोण, संबळावर कोण. तीच माहिती शेजारी टेक्स्ट फाइलमध्येही ठेवा. नातेवाइकांना पाठवायला खुशाल एमपीथ्री करा, पण मूळ फाइल पुसू नका, आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

उद्या वेव्ह जाईल, दुसरं काही येईल. आकडे तिकडे उचलून नेता येतील. पण कोण गात होतं हे सांगणारा माणूस गेला, तर ते कुठल्याच कन्व्हर्टरमधून परत येत नाही.