प्रत्येक कड्याचे पोवळे वेगळे

मंगळासाठी म्हणून बोटात घातले जाणारे लाल पोवळे मूळचे भूमध्य समुद्रातले. नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको गावातले कारागीर ते पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहेत. हे रत्न म्हणजे एका सजीव वसाहतीचा सांगाडा. तो कठीण असला, तरी त्यावरच्या इवल्या जिवांना आठ स्पर्शिका असतात आणि त्यांचे जवळचे नाते मऊ प्रवाळांशी व समुद्रपंख्यांशी आहे.

या प्रवाळाची फांदी वर्षाकाठी एक मिलिमीटरनेही जाड होत नाही. उन्हाळ्यात वसाहतीतून अळ्या बाहेर पडतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा जन्मस्थळाच्या आसपासच खडकाला चिकटतात. मार्सेय परिसरातल्या वसाहतींचा डीएनए तपासला, तेव्हा दहा-वीस मीटर अंतरावरच्या समूहांतही जनुकीय फरक आढळले. खोलीचेही तसेच. साधारण चाळीस-पन्नास मीटरखाली गेल्यावर वरच्या आणि खालच्या समूहांतली जनुकांची देवाणघेवाण रोडावते.

१९९९ आणि २००३च्या उन्हाळ्यांत पाणी तापले आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उथळ पाण्यातले पोवळे मोठ्या प्रमाणावर मेले. प्रयोगशाळेत मात्र उथळ पाण्यातल्या वसाहतींनी खोलातल्या वसाहतींपेक्षा जास्त उष्णता सोसली. त्यात सवयीचा भाग असेल, तसा वारशाचाही असू शकतो. असा समूह नष्ट झाला, तर त्याच्याबरोबर तो वारसाही जाईल. खालून येऊन कोणी ती जागा लवकर भरून काढील, या भरवशावर राहता येणार नाही.

भूमध्य समुद्राच्या मत्स्यव्यवसाय आयोगाने २०११मध्ये पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यातल्या तोडीवर बंदी घातली. पुढे बुंध्याची किमान जाडी सात मिलिमीटर ठरवली. ही पावले योग्यच, पण अपुरी आहेत. खोलातले पोवळे ही उथळ पाण्याची राखीव शिल्लक नव्हे, त्याला स्वतःचे संरक्षण हवे. म्हणून तोडीचे परवाने देशवार किंवा प्रांतवार न देता पाण्याखालच्या एकेका कड्याची स्थिती तपासून द्यावेत. उष्णता सोसून टिकलेल्या समूहांना तर हातही लावू नये.

पोवळे विकत घेणारे आपणही या व्यवहारात आहोत. रंग, वजन आणि दोष पारखून घेताना ते कोणत्या समुद्रातून, किती खोलीवरून आले, हेही सराफाला विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले, की व्यापाऱ्यालाही मालाच्या उगमाची नोंद ठेवावी लागेल. अशा नोंदीवाचून कोणत्या कड्यावर किती तोड झाली हे कळणार नाही आणि मग कोणताही कायदा कागदावरच राहील.