फेरतपासणीची रजा ही मेहेरबानी नव्हे



थायरॉइडच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या आमच्या सभासदांना डॉक्टर धीर देतात, "हा त्यातल्या त्यात बरा कर्करोग." पॅपिलरी आणि फॉलिक्युलर ह्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांबाबत ते बहुतांशी खरे आहे. (अ‍ॅनाप्लास्टिक हा प्रकार अत्यंत घातक, पण विरळा.) कार्यालयात मात्र ह्या दिलाशाचा भलताच अर्थ लावला जातो : माणूस कामावर हजर झाला म्हणजे आजार संपला!

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. रोगी दगावेल काय, आणि रोग उलटेल काय? पहिल्या प्रश्नात वयाला फार महत्त्व आहे. रोगाचे टप्पे ठरविण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत वयाची सीमा पूर्वी ४५ होती, २०१८ पासून ती ५५ झाली. त्याखालील रुग्णाचा रोग फुप्फुसात पोचला असला तरी टप्पा दुसराच धरतात. रोग उलटणे मात्र निराळ्या गोष्टींवर ठरते. गाठ ग्रंथीबाहेर पसरली होती का, मानेतल्या किती लसिकाग्रंथींत रोग होता, रक्तवाहिन्यांत शिरला होता का, सर्जनला तो सगळा काढता आला का. पंचविशीतल्या पोस्टमनचा टप्पा पहिला असेल आणि तरीही मानेत पुन्हा गाठ येईल, क्वचित दहा-वीस वर्षांनीसुद्धा.

म्हणून थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी, मानेची सोनोग्राफी आणि रोजची गोळी चुकवून चालत नाही. पहाटे निघणाऱ्या की-मनने गोळी उपाशीपोटी घ्यावी व चहा अर्धा-पाऊण तास लांबवावा, हे सांगणे सोपे!

काहींना रेडिओआयोडीन देतात. त्याआधी तीन-चार आठवडे गोळी बंद ठेवली तर अंग जड होते, सुस्ती येते. अशा वेळी त्याला इंजिनावर पाठविणे म्हणजे प्रवाशांच्याही जिवाशी खेळ आहे. औषध घेतल्यावर काही दिवस मुलांपासून दूर राहायचे असते. एका खोलीच्या क्वार्टरात कसे राहणार?

आमची मागणी स्पष्ट आहे. फेरतपासणीचे दिवस रजेच्या खात्यातून कापू नयेत. गोळी बंद असताना मायलेज न बुडता हलके काम मिळावे. निवृत्त होणारा माणूस पंचावन्न ओलांडूनच घरी जातो, तेव्हा त्याची तपासणी तर मुळीच तुटू नये.

आणि सभासदांनो, ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा. बदली झाल्यावर फाईल मागे राहते. नव्या डॉक्टरला धोका किती हे त्या कागदावरूनच कळते.