गणवेशाची सक्ती फक्त पोरांवरच का?

शाळा सुरू झाल्या की पाठोपाठ गणवेशाची तपासणी येते. बूट नाहीत, शर्ट पांढरा आहे पण शाळेचा नाही, अशा कारणांवरून पोरांना प्रार्थनेच्या रांगेबाहेर उभं केलं जातं; कुठे कुठे सरळ घरी पाठवलं जातं. गणवेश हवा, याबद्दल बहुतेक पालकांचं दुमत नाही. प्रश्न आहे तो सक्ती कुणावर आणि किती, हा.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळा कर्नाटकच्या शिक्षण खात्याखाली येतात. तिथल्या 1995 च्या नियमावलीतला 11 वा नियम शाळेला गणवेश ठरवण्याचा अधिकार देतो. पण तोच नियम शाळेलाही बांधून घालतो. एकदा ठरवलेला गणवेश पाच वर्षं बदलता येत नाही आणि बदलायचा झाल्यास पालकांना किमान एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते. किती पालकांना हे ठाऊक आहे?

2022 मध्ये कर्नाटकात हिजाबवरून वाद पेटला. 15 मार्चला उच्च न्यायालयाने सरकारचा गणवेशाचा आदेश उचलून धरला, तर 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. त्या गदारोळात गणवेश म्हणजे फक्त धर्माचा प्रश्न, असं चित्र उभं राहिलं. गरीब घरातलं पोर मात्र रोज अडकतं ते पैशावर आणि सरकारी दिरंगाईवर.

समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी विद्यार्थ्यामागे वर्षाला 600 रुपये धरलेत, म्हणजे एका जोडाला 300. एवढ्यात कापड आणि शिलाई दोन्ही बसवायची. कर्नाटकात दुसरा जोड मिळावा म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. सीमेपलीकडे महाराष्ट्रानेही वेगळं काही केलं नाही. 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत कापड खरेदी राज्य पातळीवर गेली, शिलाई बचत गटांकडे आली आणि 2024 च्या स्वातंत्र्यदिनापर्यंत अनेक शाळांत गणवेश पोचलेच नाहीत. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारने खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

सरकारचाच गणवेश उशिरा येत असेल तर पोराला जूनमध्ये जाब कसा विचारायचा? खासगी शाळांत अडचण वेगळी. ठरावीक दुकानातूनच खरेदी, आठवड्यातून एक दिवस वेगळा ड्रेस, खेळाचा आणखी वेगळा. श्रीमंत-गरीब भेद दिसू नये म्हणून आलेला गणवेशच मग घरखर्चावर बसतो.

शिक्षण हक्क कायदा इथे स्पष्ट आहे. कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. चारचौघांत रांगेबाहेर काढून अपमान करणं या कलमाच्या जवळ जातं, हे हेडमास्तरांनी ध्यानात घ्यायला हवं. शिवाय घरी पाठवलेल्या पोराचा त्या दिवसाचा अभ्यास बुडतो, तो वेगळाच.

म्हणून कडकपणाचा क्रम उलटा हवा. आधी सरकारने वेळेत कापड द्यावं, मग शाळेने पाच वर्षांचा नियम पाळावा, आणि त्यानंतर पालकांना विचारावं. पोराला वर्गात बसवून पालकांना चिठ्ठी दिली तरी शिस्त राहते. एसडीएमसीच्या पहिल्याच बैठकीत पालकांनी दोन प्रश्न विचारावेत: गणवेश शेवटचा कधी बदलला, आणि यंदाचं कापड कधी येणार?