टक्क्यांचे सत्कार पुरे झाले

दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत आपल्या मोहल्ल्यात फ्लेक्स लागतात. कधी जमातीचा, कधी बिरादरीच्या संघटनेचा, कधी नगरसेवकाचा, नाहीतर गल्लीतल्या एखाद्या वेल्फेअर ट्रस्टचा ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार समारंभ’. पात्रता एकच : ७५ टक्के किंवा त्याहून जास्त. कुठे ८०. गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि दोन फोटो अमुक तारखेपर्यंत जमा करा. मग हॉल, तिलावत, पाहुण्यांची लांबलचक भाषणं, ट्रॉफी, स्कूलबॅग, बिर्याणी. यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. पोरांचं कौतुकच तर करतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. हे सत्कार आपल्या शाळा बिघडवतात. आज ते ज्या रूपात होतात त्या रूपात बंद व्हायला हवेत. शिक्षकाने मुलाला गुणांपलीकडे जाऊन तपासावं, अशी सोय कागदावर कधीचीच झालेली आहे. ती वापरात नाही याला सरकार जबाबदार आहेच, पण हॉलमध्ये टाळ्या वाजवणारे आपणही आहोत.

कागदावर काय आहे ते आधी बघू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढून पहिली ते आठवीसाठी त्याची पद्धत ठरवली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही साधनं शिक्षकाच्या हातात दिली. शिवाय मुलाने स्वतःला तपासणं, वर्गमित्रांनी एकमेकांना तपासणं, गटात केलेलं काम, हेही त्यात आहे. प्रगतिपुस्तकात श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सर्वांगीण प्रगतिपत्रकाचं स्वप्न नव्याने दाखवलं. म्हणजे कल्पना सुचायची बाकी नाही.

आता घरातल्या धाकट्या भावंडाचं प्रगतिपुस्तक उघडा. ‘अभ्यासात रुची घेतो.’ ‘चित्रे काढणे.’ ‘वाचनाचा सराव आवश्यक.’ शेजारच्या मुलाचं उघडा, तिथेही बहुधा हेच सापडेल. या नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात, पीडीएफ मिळतात, एक्सेलची शीटही मिळते. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, कॉपी-पेस्टला नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. पण आम्ही निदान कोड चिकटवतो. इथे मूल चिकटवलं जातंय.

शिक्षक असं का करतात? पन्नास-साठ पोरांचा वर्ग, वर निवडणुकीची कामं, रोजची ऑनलाइन माहिती. हे खरंच आहे. पण आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या बाजूचं आहे. ती नोंद कुणी वाचतच नाही. पालकसभेला आलेली अम्मी विचारते, “सर, कितवा नंबर?” अब्बा आले तर विचारतात, “टक्के किती?” जे कुणी वाचणार नाही ते मन लावून कोण लिहील?

खरी नोंद कशी असते, याचा एक नमुना देतो. मालेगाव किंवा भिवंडीतला सहावीतला मुलगा घ्या. वडील यंत्रमागावर, मजुरी किती मीटर कापड निघालं त्यावर. ‘वडिलांच्या आठवड्याच्या मजुरीचा हिशोब तोंडी बिनचूक करतो. तोच हिशोब उदाहरण म्हणून लिहून दिला तर पहिल्या ओळीतच अडतो. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला की सोडवतो.’ तीन वाक्यं. यातून घरच्यांना कळतं की पोराचं गणित पक्कं आहे, वाचन कच्चं आहे. गुणपत्रिका एवढंच सांगते : गणित, ३८. मग घरात ठरतं की याच्या डोक्यात गणित शिरत नाही, आणि दोन वर्षांनी तो मागावर उभा असतो.

सच्चर समितीने २००६च्या अहवालात नोंदवलं होतं की ६ ते १४ वयातली एक चतुर्थांश मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत, किंवा त्यांनी शाळा सोडली. त्यांच्यासाठी आपण कधी हॉल बुक केला?

भाषेचा घोळ तर आपल्याला चांगलाच माहीत आहे. घरी दखनी किंवा कोकणी, शाळा उर्दू माध्यमाची, आणि मराठी हा एक पेपर. भाजीवाल्याशी, एसटीच्या कंडक्टरशी, तहसीलच्या बाबूशी फाडफाड मराठी बोलणारी मुलगी मराठीत काठावर पास होते, कारण तपासली जाते ती फक्त ऱ्हस्व-दीर्घाची वही. तिला वर्गासमोर उभं करून रेशन दुकानात अम्मीची तक्रार कशी मांडली ते सांगायला लावा, बातमी वाचून आपल्या शब्दांत सांगायला लावा, आणि मग लिहा तिला मराठी किती येतं ते. लेखनातल्या चुकाही लिहा, लपवायचं काही नाही. पण दोन्ही लिहा.

गंमत म्हणजे एकेका मुलाला वेगळं तपासायची पद्धत आपल्याला परकी नाही. हिफ्जच्या वर्गात उस्ताद रोज प्रत्येकाचं ऐकतात. नवा पाठ म्हणजे सबक, अलीकडचा म्हणजे सबकी, जुना म्हणजे मंजिल. आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं मिळत नाही. कुणाला दोन वर्षं लागतात, कुणाला पाच. ‘६२ टक्के हाफिज’ असं आजवर कुणी ऐकलंय का? मी या पद्धतीचा भोळा भक्त नाही. कित्येक ठिकाणी छडी चालते, आणि पाठ झालेल्याचा अर्थ मुलाला क्वचितच ठाऊक असतो. या दोन्ही गोष्टींवर याच चळवळीत भांडायला हवं. पण मूल कुठे अडलंय हे समोर बसून ऐकायचं आणि तिथूनच पुढे न्यायचं, ही रचना शाळेने उचलण्यासारखी आहे. देशभरातल्या मुलांचं वाचन तपासणारं प्रथमचं ‘असर’ सर्वेक्षण २००५पासून हेच करतं : मुलापुढे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ठेवायची आणि ऐकायचं. पन्नासांच्या वर्गातही रोज पाच मुलं ऐकली तर दहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो.

माझ्या कामात दुसरी एक पद्धत आहे. मी लिहिलेला कोड सहकारी वाचतो, ओळीशेजारी शेरा लिहितो, मी दुरुस्त करून परत पाठवतो. कधी चार वेळा. आकडा कुणी देत नाही. निबंधाच्या वहीला हे का नको? शेरा द्या, पुन्हा लिहून घ्या, आणि जूनचा, दिवाळीआधीचा, मार्चचा असे तिन्ही मसुदे एका फाइलमध्ये ठेवा. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८मध्ये दाखवलं होतं की नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्यासोबत गुणही मिळाले तेव्हा तो फायदा गायब झाला. मुलं आकडा बघतात आणि वही मिटतात. आपण तरी दुसरं काय करायचो?

यावर ठरलेला आक्षेप येतो : शिक्षकाच्या हातात दिलं की तो खिरापत वाटतो. आक्षेपाला आधार आहे. २०१९च्या दहावीला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते गुण परत आले. २०२१मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला : ९९.९५ टक्के. पण खिरापत कशाची वाटली गेली? गुणांची. तोंडी परीक्षाही आपण आकड्यात मोडली, तो आकडा टक्केवारीत मिसळला, आणि त्या टक्केवारीवर अकरावीचा प्रवेश व मोहल्ल्यातली ट्रॉफी टांगून ठेवली. मग कुठली शाळा आपल्या पोरांचे गुण कापेल? ‘बातमी सांगते, पण स्वतःचं मत विचारलं की गप्प होते’ या नोंदीत फुगवायला काही नसतं.

बोर्डाची परीक्षा उद्या जाणार नाही, आणि ती जावी असं मी म्हणतही नाही. गरिबाच्या मुलाला निनावी पेपर तपासणारा परीक्षक कधी कधी वर्गातल्या सरांपेक्षा जास्त न्याय देतो. आडनाव बघून शेरा लिहिणारे लोक आहेत. म्हणूनच नोंद उघड हवी, पालकाच्या हातात हवी, तिच्यावर प्रश्न विचारता यायला हवा.

तो प्रश्न तुम्ही विचारायचा. इंजिनिअरिंग, डीएड, बीकॉम करणारे तुम्ही घरातले पहिले शिकलेले असाल, तर पुढच्या पालकसभेला अम्मीसोबत जा. सरांना विचारा, “याला काय येतं? कुठे अडतो? तुम्ही हे कशावरून ठरवलंत?” झेडपी किंवा नगरपालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. तिथे कोण बसलंय, बैठका होतात की नुसत्या सह्या, ते बघा.

आणि सत्कार. यंदा फ्लेक्सच्या वर्गणीसाठी आपल्याकडे कुणी आलं की अट घाला. झेरॉक्स मागायची नाही. शिक्षकांकडून प्रत्येक मुलाबद्दल तीन वाक्यं मागवायची आणि ती स्टेजवर वाचायची. नापास झालेल्यांनाही बोलवायचं, पुरवणी परीक्षेच्या पेपरांसाठी त्यांना कोण शिकवणार ते त्याच हॉलमध्ये ठरवायचं. ट्रॉफीच्या पैशांत महिनाभर एक खोली भाड्याने मिळते. आमच्याकडच्या कमिटीला मी हे कळवलं आहे. उत्तर आलं की ‘पाहुण्यांना वेळ कमी पडेल’. माझी वर्गणी अजून माझ्याच खिशात आहे.