१३ मिनिटांचे नाटक आणि आपली अनास्था

पथनाट्य ही कला नव्हे, निव्वळ घोषणाबाजी होय, असा शेरा प्रस्थापित समीक्षक वर्षानुवर्षे मारीत आले आहेत. त्यात नवल नाही. खेद याचा की, आपल्याच चळवळीतील काही साथी कृतीने त्याला दुजोरा देतात. गर्दी जमेपर्यंत कलापथकाने वेळ काढावा आणि पुढारी येताच नाटक आटोपते घ्यावे, ही रीत आपण कोठून आणली?

दिल्लीचा अनुभव पाहा. १९७३ साली स्थापन झालेला जन नाट्य मंच आरंभी मोठी नाटके करी. आणीबाणीनंतर त्यांचा खर्च कामगार संघटनांना झेपेना, तेव्हा छोट्या नाटकाचा मार्ग निघाला. गाझियाबादच्या हेरिग इंडिया कारखान्यातील कामगारांनी सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी कँटीन एवढेच मागितले होते. उत्तर मिळाले गोळीबाराचे. त्यातून ऑक्टोबर १९७८ मध्ये ‘मशीन’ उभे राहिले. अवघी १३ मिनिटे, नेपथ्य नाही. नटांच्या देहांचेच यंत्र बनते, घरघरते आणि एकाएकी थांबते. ते का थांबले, या प्रश्नातच सारे नाटक आहे. पुढच्याच महिन्यात तालकटोरा स्टेडियमवर हजारो कामगार प्रतिनिधींनी ते पाहिले आणि आपापल्या भाषांत नेले.

ही लांबी म्हणजे उणीव नव्हे. पाळी सुटताना फाटकावर थबकलेल्या कामगाराजवळ तीन अंकांचा वेळ नसतो. तो मालकाने आधीच विकत घेतलेला असतो.

१ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळील झंडापूर येथे ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना गुंडांनी हल्ला केला. राम बहादूर हा कामगार ठार झाला. ३४ वर्षांचे सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी मरण पावले. निव्वळ घोषणाबाजीच असती, तर ती थांबविण्यास लाठ्या आणि गोळ्या कशाला लागल्या असत्या? ४ जानेवारीस मलयश्री हाश्मी व सहकाऱ्यांनी त्याच जागी तो प्रयोग पुरा केला. आरोपींना शिक्षा होण्यास मात्र २००३ साल उजाडले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, ते सभेची पोकळी भरण्यासाठी नव्हे.

आपली अनेक पथनाट्ये कच्ची असतात, हेही कबूल केले पाहिजे. पोट सुटलेला मालक, मुठी आवळलेला कामगार आणि शेवटी घोषणा, एवढ्याने नाटक होत नाही. परंतु तालमीस ना जागा, ना वेळ, आणि मोर्चाच्या आदल्या रात्री संहितेची मागणी! मग दोष नटांना कोणत्या तोंडाने द्यावा?

म्हणून मागणी साधी आहे. शाखेच्या कार्यक्रमपत्रिकेत नाटकाला स्वतःची वेळ असावी, तालमीस जागा असावी आणि प्रयोगानंतर त्याची चर्चा व्हावी. प्रयोग पुरा होईपर्यंत वक्त्याने खाली, प्रेक्षकांत बसावे. झंडापूरला लाठ्यांनी जे थांबले नाही, ते आपल्या हातवाऱ्याने थांबू नये.