नऊवारी शिवलेली चालेल?

दरवर्षी १२ जानेवारीला आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती असते. तिथे कितीतरी मुली नऊवारीत दिसतात. आणि कुणीतरी म्हणतंच, "हल्ली सगळं शिवलेलं! नेसता कुठे येतं यांना?" बोलणारा बहुधा जीन्समध्ये असतो.

मला हे पटत नाही. नऊवारी हा मुळात कामाचा पोशाख. काष्टा घातला की पाय मोकळे; निंदण करा नाहीतर कापूस वेचा, पदर कमरेला खोचला की झालं. सोयीची होती म्हणूनच ती इतकी टिकली. मग आज सोयीसाठी शिवून घेतली तर बिघडलं कुठे?

जपानमध्येही जानेवारीतच, दुसऱ्या सोमवारी, तरुण मुलं सज्ञान झाल्याचा सण असतो. मुली किमोनो घालतात, बऱ्याच जणी दुसऱ्याकडून नेसवून घेतात. मुलगे मात्र बहुतेक सुटाबुटात! म्हणजे संस्कृतीचं ओझं तिथेही पोरींच्याच खांद्यावर.

आपण पुरुषांनी तर धोतर केव्हाच सोडलं. त्यावर कुणी एवढी आरडाओरड केल्याचं ऐकलंय?

असो. मित्रांनो, पुढच्या १२ जानेवारीला आधी धोतर नेसून या, मग बोलू. शिवलेलं असलं तरी चालेल.