बाळाची रात्र दोघांनी वाटून घ्यावी

गेल्या महिन्यात एक तरुण बाळंतीण माझ्या दवाखान्यात आली. तिचे माहेर अकोल्याचे आणि सासर अमरावतीचे. सव्वा महिना माहेरी काढून ती नुकतीच परतली होती. तक्रार डोकेदुखीची होती. रक्तदाब उत्तम होता, ताप नव्हता, टाकेही भरून आले होते. “डोकं ठणकत रायते जी, अन् कारण नसताना रडू येते,” असे ती म्हणाली आणि बोलता बोलताच तिचे डोळे भरून आले. सलग किती तास झोप मिळते, असे विचारता तिने जरा विचार करून सांगितले, “दीड तास. कधी कधी दोन.”

तिचे यजमान बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावले. मनुष्य सालस होता, आणि बायकोच्या काळजीने रजा काढून आला होता. मी तोच प्रश्न त्यांना विचारला. ते संकोचून म्हणाले, “माझी झोप होते जी. पण मी मदत करतो ना. ती सांगते तेव्हा सारं करतो.”

या उत्तरात वाईट हेतू कोठेही नाही. तरीही पुष्कळ घरांतील दुखण्याचे मूळ त्या “सांगते तेव्हा” या दोन शब्दांत आहे, असे मला गेली अनेक वर्षे वाटत आले आहे. म्हणून आजचा लेख त्यावर. (ओळख पटू नये म्हणून या दांपत्याचे काही तपशील मी बदलले आहेत.)

पूर्वी हे काम एकटीचे नव्हते

असा विषय निघाला की घरातील वडीलधारी माणसे हमखास म्हणतात, “आमच्या वेळी आम्ही चार-चार लेकरे वाढवली, नवऱ्याने कधी लंगोट बदलला नाही.” हे खरे आहे, पण अर्धेच. वऱ्हाडातील जुन्या वाड्यात बाळाला हात लावणारी माणसे किती होती ते आठवून पाहावे. आजी होती, जावा होत्या, लग्न न झालेली नणंद होती, रोज सकाळी तेल लावून न्हाऊ घालणारी बाई होती. बाळंतिणीच्या पुढ्यात डिंकाचा लाडू आणि अळिवाची खीर आयती येई. बाळ रडले तर कोणीतरी उचलून ओसरीवर नेई. म्हणजे पित्याचा हात नव्हता तरी बाळाभोवती सहा-आठ हात होते.

आज राजापेठेतल्या किंवा अकोल्याच्या जठारपेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात ते हात उरलेले नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, नणंद पुण्याला नोकरीस आहे. राहतात ती दोनच माणसे. तेव्हा पित्याने बाळाचे करणे ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. घरातून कमी झालेल्या हातांची ती भरपाई आहे.

यात आपल्या एका चांगल्या रूढीने नकळत अडचण केली आहे. पहिले बाळंतपण माहेरी. मुलीला विसावा मिळावा, हा तिचा उद्देश, आणि तो योग्यच आहे. पण पहिले सहा आठवडे म्हणजे बाळाला कसे उचलावे, मान कशी सावरावी, कोणते रडणे भुकेचे आणि कोणते पोटातील वायूचे, हे शिकण्याचा काळ. त्या काळात बाप बारशाला पाहुण्यासारखा येतो आणि पेढे वाटून परत जातो. पुढे बाळ घरी येते तेव्हा आई या कामात तरबेज झालेली असते आणि बाप नवशिका असतो. त्याने उचलले की बाळ रडते. मग आई म्हणते, “द्या इकडे.” आणि तेथून पुढची प्रत्येक रात्र तिच्या एकटीच्या वाट्याला येते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०२४ सालची वेळ-वापर पाहणी हेच चित्र आकड्यांत दाखवते. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. घरातील मुलांची आणि इतरांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. शिवाय, “आता काय करायचे आहे” हे डोक्यात बाळगण्याचे काम या मिनिटांत दिसत नाही.

तुटलेली झोप ही झोप नव्हे

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. त्याला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागते. एका जागरणात दूध पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे यांत सहज पाऊण तास जातो. बाईचा डोळा लागेपर्यंत पुढची वेळ येऊन ठेपते. बेरीज केल्यास सहा तास भरतील, पण दीड-दीड तासाच्या चार तुकड्यांनी मेंदूला तो विसावा मिळत नाही जो सलग चार तासांनी मिळतो.

सलग सतरा ते एकोणीस तास जागे राहिलेल्या माणसाची सावधगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत आपण कोणाच्या हाती गाडी देणार नाही, त्या अवस्थेतील व्यक्तीच्या हाती आपण रोज रात्री तान्हे बाळ देतो.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. १९९६ साली आमचा मुलगा दोन महिन्यांचा होता. “डॉक्टरला सकाळी रुग्ण तपासायचे असतात” या सबबीवर मी शेजारच्या खोलीत झोपत असे. एका पहाटे धप्पकन आवाज आला. पाजता पाजता पत्नीचा डोळा लागला होता आणि बाळ दिवाणावरून खाली आले होते. सुदैवाने कपाळावर टेंगूळ येण्यावर निभावले. मी मात्र पहिले वाक्य उच्चारले ते असे, “लक्ष कुठे होते तुझे?” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिची नाडी आणि रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊ होते. घरात डॉक्टर असून दोन महिने कोणी ते पाहिले नव्हते. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. त्या रात्रीपासून मी झोपण्याची खोली बदलली, एवढेच माझ्या बाजूने सांगण्यासारखे.

वाटणी कशी करावी?

माझा पहिला सल्ला असा की कामांची यादी करून ती निम्मी-निम्मी करू नका. त्यातून “मी चार लंगोट बदलले, तू तीनच” असा वाद निघतो. वाटायची ती झोप. दोघांपैकी प्रत्येकाला चोवीस तासांत किमान चार तासांची एक सलग झोप मिळाली पाहिजे. एवढे एकच माप धरावे.

दूध आईलाच पाजावे लागते, हे खरे. पहिल्या काही आठवड्यांत रात्रीचे पाजणे टाळूही नये, कारण दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते. पण पाजणे सोडून उरलेले सर्व बापाला करता येते. रात्री नऊला पाजून आईने झोपावे. मधल्या वेळी बाळ उठल्यास बापाने उचलावे, लंगोट बदलावा, आईजवळ आणून द्यावे, आणि पिऊन होताच परत घ्यावे. ढेकर काढणे आणि निजवणे त्याचे. आईला उठून बसावेही लागू नये. पहाटेनंतरची पाळी आईची.

चार-सहा आठवड्यांनी स्तनपान स्थिरावले की आईने स्वच्छ हातांनी दूध काढून ठेवावे आणि एका वेळचे बापाने वाटी-चमच्याने पाजावे. तेव्हा चार तासांची सलग झोप खऱ्या अर्थाने साधते. बाटली नको. काढलेले दूध शीतकपाटात चोवीस तास चालते. बाहेर मात्र आपल्या वैशाखात, पारा पंचेचाळिसाला टेकला असता, ते ठेवूच नये.

दुसरा सल्ला, काम पूर्णपणे सोपवावे. अंघोळ बापाची ठरली तर पाणी तापवण्यापासून ओला पंचा वाळत घालण्यापर्यंत सारे त्याचे. लसीकरणाचे कार्ड त्याच्याकडे दिले तर पुढची तारीखही त्यानेच लक्षात ठेवायची. आणि भगिनींनो, आपल्यालाही एक विनंती. त्याने लंगोट जरा तिरका बांधला तर बांधू द्या. पाच-सहा दिवस बाळ त्याच्या हातात रडेल, मग रडणार नाही. आपणही पहिल्या दिवशी असेच चाचरत शिकलो होतो.

तिसरा सल्ला, हे ठरवणे दिवसाउजेडी करावे, चहा घेताना. पहाटे तीन वाजता कोणत्याही विषयावर चर्चा करू नये. त्या वेळी बोललेले शब्द दोघांनीही मनावर घेऊ नयेत.

मी त्या दांपत्याला औषधाच्या चिठ्ठीवर हेच लिहून दिले. भिंतीवरच्या कालनिर्णयात ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिता, तेथेच दोघांनी रोज एकेक आकडा लिहावा, काल रात्रीच्या सर्वांत लांब सलग झोपेचे तास. पहिल्या आठवड्यात तिचे आकडे होते दोन, दीड, दोन. त्याचे सहा, सात, सहा. ते पाहून त्याला कोणी काही सांगावे लागले नाही. पंधरा दिवसांनी तिचा आकडा चारवर आणि त्याचा पाचवर आला. डोकेदुखी बरीच उतरली.

ज्यांची नोकरीच रात्रीची आहे

प्रत्येक घरात ही पाळी जमेल असे नाही. एसटीचा चालक पहाटेची गाडी घेऊन निघत असेल तर त्याची झोप ही चाळीस प्रवाशांच्या जिवाची बाब आहे. अशा घरी त्याने संध्याकाळी सात ते अकरा बाळ पूर्णपणे सांभाळावे, आईने तेव्हाच झोपून घ्यावे, आणि साप्ताहिक सुटीची रात्र त्याची धरावी. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघेही शेतात राबत असतील तर घरी आल्यावर चूल एकाने आणि बाळ दुसऱ्याने, एवढे तरी व्हावे.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. माझे मत असे की ती बारशाच्या धावपळीत संपवू नये. पत्नी माहेराहून परतते त्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावी. खासगी नोकरीत असा सर्वसाधारण कायदा नाही, तेथे शिल्लक रजा आधीपासून जमवावी.

पत्नी माहेरी असताना बापाने आठवड्यातून एक रात्र तेथे मुक्काम करावा. बडनेऱ्याहून अकोला काही दूर नाही. आशाताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत विदर्भातच, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून सिद्ध झाली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाने ती स्वीकारली. यांपैकी एका भेटीला तरी बापाने हजर राहून बाळ हाताळायला शिकावे. आणि हो, खर्रा चोळलेला हात साबणाने धुतल्यावाचून बाळाला लावू नये.

थकवा केव्हा आजार असतो

सर्वच थकवा झोपेने जात नाही. प्रसूतीनंतर रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार पुष्कळदा आढळतात, म्हणून दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या मध्येच सोडू नयेत.

पहिल्या आठवड्यातील रडू, चिडचिड साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलेले असतानाही झोप येईना, कशातच मन लागेना, तर ते प्रसूतिपश्चात नैराश्य असू शकते. भारतातील अनेक अभ्यासांच्या २०१७ सालच्या एकत्रित आढाव्यात त्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. हा दुबळेपणा नव्हे, उपचाराने बरा होणारा आजार आहे. पुरुषांनाही या काळात नैराश्य येते, फक्त ते रागाच्या रूपाने बाहेर पडते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे, नसलेले आवाज ऐकू येणे, भान सुटल्यासारखे बोलणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अमरावतीचे डफरीन असो वा अकोल्याचे लेडी हार्डिंग, कोठेही जावे, पण थांबू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

आणि एक गोष्ट दोघांनीही पाठ करून ठेवावी. बाळाचे रडणे असह्य झाले तर त्याला सपाट, सुरक्षित जागी उताणे निजवून पाच मिनिटे खोलीबाहेर जावे. चार घोट पाणी प्यावे. पाच मिनिटांच्या रडण्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात एकदा गदगदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

ते दांपत्य परवा लसीसाठी पुन्हा आले होते. पिशवी आणि बाळ दोन्ही यजमानांच्या हाती होती. पुढची तारीख मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितली. ती बाकावर भिंतीला डोके टेकून पाच मिनिटे चक्क झोपली होती. आम्ही तिला उठवले नाही.